उभ्या चौकटीतला हात

प्रिय ठमाबाई,

परवा फोनवर तू रंगांचे भाव, आईचे गुडघे, समोरचं बांधकाम, सगळं विचारलंस आणि मग एकदम ‘बरं, ठेवते’ म्हणालीस. तुझ्या मनात काहीतरी आहे, हे तेव्हाच कळलं. माझ्याही होतं.

नोकरीला जाताना तू मला फोनवर आपल्या पाट्यांचं पान काढून दिलंस, ते छान चाललं होतं. पाटी रंगवून झाली की समोर उभं राहून आडवा फोटो काढायचा आणि टाकायचा. निम्मी कामं त्यावरूनच यायची. मग ॲपवाल्यांनी मांडणी बदलली आणि सगळ्या चौकटी उभ्या केल्या. आपल्या पाट्या पडल्या आडव्या. दोन्ही बाजू छाटल्या गेल्या. ‘बिनविषारी कीटकनाशके’मधलं नुसतं ‘विषारी कीटक’ उरलं. कापडवाल्याच्या ‘नापसंत पडल्यास माल परत’चं ‘पसंत पडल्यास माल’ झालं. तुझी आई हसता हसता खाली बसली. कापडवाला काही हसला नाही. फोटो उघडला की पाटी पूर्ण दिसते, हे त्याला पटवताना माझ्या नाकी नऊ आले.

छाटलेलंही एक वेळ चाललं असतं, पण फोटो लोकांपर्यंत पोचेनासेच झाले. पूर्वी प्रत्येक पाटीखाली कितीजण काहीबाही लिहायचे. आता तू, तुझी मावशी आणि तो रंगाचा दुकानदार. जिकडे तिकडे उभे व्हिडिओ. नवं काम येईना, तेव्हा आई म्हणाली, “पुरे झाला आडमुठेपणा. मी फोन उभा धरते, तुम्ही रंगवा.” मी टाळत राहिलो. पाठीमागून घे म्हणालो, उजेड नाही म्हणालो. ती ऐकते थोडीच! स्टुलावर चढून तिने अगदी जवळून घेतला. त्यात पाटी नाहीच, नुसता ब्रश आणि माझी बोटं.

तो व्हिडिओ धो धो चालला. खाली कौतुकाचा ढीग, आणि त्यात कुणा अनोळखी माणसाचं एक वाक्य: ‘काकांचा हात थरथरतोय, डॉक्टरांना दाखवा.’ आईने ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. पुरी झालेली पाटी काही सांगत नाही गं. चुकलेली रेघ मी पुसायचो, पुन्हा मारायचो. मी वयामुळे सावकाश काम करतो, असं आईला वाटायचं. दुसऱ्या दिवशी ती सकाळी चप्पल घालून दारात उभी राहिली आणि मला दवाखान्यात घेऊन गेली.

त्या व्हिडिओखाली तू टाकलेला बदाम संध्याकाळी दिसेनासा झाला, म्हणजे ते वाक्य तूही वाचलंस. तुला विचारवेना आणि मला फोनवर सांगवेना, म्हणून हे पत्र. कंपवात आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरता जात नाही, पण गोळ्यांनी बराच काळ आवरता येतो. नोकरी टाकून धावत येऊ नकोस. मात्र त्याच व्हिडिओमुळे एका शाळेची भली लांब पाटी मिळाली आहे. नाही म्हणायला गेलो आणि हो म्हणून आलो. अक्षरं मी काढेन, थांबत थांबत का होईना. पण वरची सलग शिरोरेषा आता माझ्याच्याने होत नाही. सुट्टी मिळेल तेव्हा ये आणि तेवढी पूर्वीसारखी ओढून दे.

तुझाच,
बाबा