मायच्या शोकसभेतलं भाषण

फुलसावंगी
ता. ९ जानेवारी २०२५

चि. भीमराजले बेबीताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

ताईले पत्र लिहाचं वेड कुठून लागलं म्हणून हसशील. माहा मोबाईल पोलिसांनी नेला. त्याच्यात आपल्या गावच्या बापूजींचं भाषण आहे, मायच्या शोकसभेतलं.

त्यायचं तू टीव्हीवर पाह्यलंच असशील. रिटायर हेडमास्तर, तंटामुक्तीचे अध्यक्ष, पंधरा ऑगस्टले झेंडा त्यायच्याच हातानं. एकट्या म्हाताऱ्यायची औषधं यवतमाळहून आणत अन् सोता पाजत. त्यातल्या सहा जणायले त्यायनंच मारलं म्हणतात. मंग घाटावर सरणाजवळ उभं राहून भाषणही त्यायचंच. सारं गाव रडे.

मले रडू येत नाही, रागही येत नाही. काल भाजीत दोनदा मीठ टाकलं, एवढंच. सहाच्या यादीत मायचं नाव नाही. पण भाषणात ते बोलले होते ना, शेवटच्या घटकेले माय भीमा आला काय म्हणून विचारत होती? माय तं घरात एकटी गेली. मी कापूस वेचाले गेलती. मंग त्यायले कसं माहीत? तेव्हा आपल्याले हे काहून सुचलं नाही? ठाणेदार साहेब बुधवारी त्यायले हेच विचारणार आहे.

वेळेवर जेवत जा. ताईवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुही बेबीताई


पांढरकवडा
ता. १३ जानेवारी

ती. बेबीताईले भीमराजचा सा. न. वि. वि.

पत्र गॅरेजात वाचलं. मंग ट्रकचं चाक खोलाले बसलो, काम होतं ते.

मायच्या बिमारीत मी एकदाही आलो नाही. तू कधी बोलून दाखवलं नाही. माय माह्यावर रुसून गेली नाही, शेवटी माहंच नाव घेतलं, हे तीन वर्षं साऱ्यायले सांगत फिरलो. त्या एका गोष्टीवर जगून राह्यलो. मागच्या दिवाळीत बापूजींच्या पाया पडलो, शाल दिली.

आता ते खोटं बोलले असतील तं माय आपल्या मौतीनं गेली, पण माहं नाव तिनं घेतलं नाही. खरं बोलले असतील तं ते तिथं होते. मले लाज वाटते ताई, पण तिनं नाव घेतलं असावं असंच वाटते. साहेब सांगतील ते लपवू नको.

धाकट्याले पदरात असू दे.

तुहा भीमराज


फुलसावंगी
ता. १८ जानेवारी

चि. भीमराजले आशीर्वाद वि. वि.

लपवत नाही. साहेब काल घरी येऊन सांगून गेले. चहा केला होता, घेतला नाही. यादीत आता सात नावं आहेत. बापूजीनं सारं कबूल केलं, पण कायले मारलं ते तो सांगत नाही.

मायनं तुहं नाव घेतलं हे खरं आहे. मोतीबिंदूनं तिले माणूस ओळखू येत नव्हतं. भर दुपारी कोणी दार लोटून आत आलं, तं तिले तूच वाटला. औषध कडू लागलं, पण भीमा पाजून राह्यला म्हणून तिनं ग्लास सोडला नाही. सारं पेली.

रविवारी ये. माही माया आहे तशीच आहे.

बेबीताई