शि-४७ चं चाक

प्रिय बाबा,

पाकिटावरचा पत्ता बघून आईला म्हणाल, 'भिंगरीने आता कुठलं गाव गाठलं?' गाव तेच आहे. खोलीही तीच, सहा महिने झाले. जिन्यातलं मांजरसुद्धा मला ओळखायला लागलंय. ते असो. आई फोनवर म्हणाली, जोडे शिवायचं मशीन एक तारखेला भंगारवाला नेणार. त्याच्या मोडक्या चाकाची जोडी शोधत दोन बाजार पालथे घालून तुम्ही हात टेकलेत. बाबा, भंगारवाल्याला नको म्हणा. का, ते सांगतो, पण माझ्या पद्धतीने, म्हणजे जरा फिरून.

मी सुट्या भागांच्या गोदामात आहे. जुन्या मशीनवाल्यांचे फोन येतात, मी कंप्युटरवर नंबर शोधून 'आहे' किंवा 'नाही' सांगतो. आमच्या नंबरांत आडव्या रेघा असतात, शि-४७-१२० अशा. जुन्या भागावरचे शेवटचे आकडे बहुतेक वेळा झिजलेले. मग वाचता येतं तेवढं टाईप करून पुढे स्टार टाकायचा, म्हणजे 'पुढे काहीही असो, आण'. परवा एका बेकरीवालीला असंच शोधून मी ठामपणे 'नाही' सांगितलं आणि रॅकांमधून भटकायला निघालो (हसा, पगार घेऊनही भटकतोच), तर तिसऱ्या रॅकवर तिच्याच नंबरची तीन खोकी!

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या ताईला ओढत आणलं. आधी म्हणाली, टायपिंग शीक. मग स्वतः टाईप केलं, तरी 'नाही'च आलं. घोळ असा, की नंबर साठवताना कंप्युटर तो रेघेपाशी तोडतो आणि तुकडे वेगवेगळे ठेवतो. पूर्ण नंबर विचारला की प्रश्नही तसाच तोडतो, म्हणून सापडतं. स्टार लावला की मात्र प्रश्न न तोडता अख्खाच घेऊन फिरतो. तुकड्यांच्या ढिगात अख्खं काय मिळणार? दोन दिवस खपून ताईने त्याला शिकवलं: प्रश्नही तोड, तुकडे ओळीने शेजारी आहेत का बघ, स्टार फक्त शेवटच्या तुकड्याला लाव. बेकरीवालीला फोन केला तर म्हणाली, 'आधी नीट शोधत जा रे बाबा, मग नाही म्हण!'

दुरुस्तीनंतर पहिला नंबर टाकला तो माझ्या खिशातल्या चिठ्ठीवरचा. शि-४७, पुढचं झिजलेलं, म्हणून स्टार. नोकरीच्या पहिल्याच दिवशी टाकला होता, तेव्हा 'नाही' आलं होतं. तरी चिठ्ठी फेकवली नाही. या खेपेला सात ओळी आल्या. सहावी: जोडे शिवायचं मशीन, दातेरी चाक, एक नग.

चिठ्ठी माझ्याकडे कशी? घर सोडायच्या आदल्या दुपारी तुम्ही जेवायला गेलात, तेव्हा मी माझ्या सॅकचा पट्टा तुमच्या मशीनवर शिवायला घेतला. चामड्याचे चार पदर. तुम्ही दोनच्या वर कधी घालू दिले नाहीत. चाकाचा दाता मोडला. मी नंबर उतरवला, झाकण लावलं आणि सकाळी तीच सॅक पाठीला अडकवून निघालो. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, मशीन म्हातारं झालं. म्हातारं नव्हतं झालं, बाबा. चाक माझ्या उशाशी आहे. पोस्टाने पाठवत नाही, रविवारी स्वतः घेऊन येतो. बसवताना बॅटरी मी धरतो, शिव्या तुम्ही द्या. आणि पट्टा अर्धाच शिवलेला आहे, तो तेवढा पुरा करून द्याल? दोनच पदरांत.

तुमचाच,
भिंगरी