फ्रिजमधली सुरमई

बरका (ओमान), १२ डिसेंबर २०१५

ती. सौ. ताईस,
विशाखाचा नमस्कार. पूर्वाला पापे.

जितेश आणि मी मस्कतच्या रुवीहून स्वतःच गाडी चालवत सुखरूप पोचलो. चार दिवसांसाठी खजुराच्या बागेतलं छोटं घर घेतलंय. लग्नाला पाच वर्षं झाली, त्यातली ही पहिलीच सुट्टी. फोटोत घर फार सुरेख दिसत होतं.

दार उघडलं आणि वासानेच मला उमासा आला. आधीच्या लोकांनी सुरमई फ्रिजमध्ये ठेवून जाताना मेन स्विच बंद केला होता. अळ्या पार फरशीवर आल्या होत्या.

इथले रखवालदार अमीनचाचा बांगलादेशचे, साठीचे. ते उघड्या हातांनीच सगळं काढू लागले. जितेश नाकाला रुमाल लावून मालकाला पाठवायला व्हिडिओ काढत होता. चाचांच्या तोंडाजवळ मोबाइल नेऊन म्हणाला, "यल्ला, जल्दी करो. तुमको तो आदत होगी." आणि हसला.

ताई, त्या माशापेक्षा मला त्या हसण्याची किळस आली. मी बादली घेऊन चाचांशेजारी बसले. "बेटी, आप हटो," ते म्हणाले. मी हटले नाही.

"हात धुतल्याशिवाय माझ्याजवळ येऊ नकोस," जितेश म्हणाला.

आता घर स्वच्छ आहे. तुझी कंबर कशी आहे? आईला सांग, बाग छान आहे, दोघं मजेत आहोत.

हात मी केव्हाच धुतले. पण अजून बाहेर पायरीवरच बसले आहे.

तुझीच,
विशाखा