हनुवटीवरचा ठिपका

जानेफळच्या माह्या आईले पुण्याहून निशिगंधाचा पाया पडून नमस्कार.

मी बरी आहे. डब्यातली भाजी गोड असते, तुह्या हातचं तिखट वरून घेते. खोलीत बोलाले कोणी नाही, म्हणून झोप लवकर लागते.

काम सोपं आहे. दवाखान्यात जबड्याच्या ऑपरेशनासाठी माणसाचा चेहरा सगळ्या बाजूनं कॅमेऱ्यात घेतात अन् कम्प्युटरवर नाक, गाल, हनुवटी केसाइतकं बारीक मोजतात. त्याच्याआधी मी चेहऱ्यावर पेन्सिलनं ठिपके देते. मोजून झालं का कापसानं पुसते.

काल एका म्हातारीच्या हनुवटीवरचा ठिपका निघेचना. मी तीनदा घासला. तिनं माहा हात धरला.

"अवं पोरी, हा तुहा नाही. माहं गोंदन आहे ते."

सगळे हासले. मीही हासली.

मंग ध्यानात आलं, तुह्याही हनुवटीवर गोंदन आहे. पण मधात आहे का डाव्या अंगाले, हे काही केल्या आठवेना. मोबाइलातल्या फोटोत तुह्या पदरानं हनुवटी झाकली आहे. दिवसभर परक्यायचे चेहरे मोजते मी, आई.

फोनवर इचारलं असतं, पण माह्या रडक्या आवाजानं तू घाबरली असती.

गुडघे कसे आहेत? दादाची छकुली आता जोडाक्षरं लिहिते का?

गोंदनाचं तेवढं कळव. आरशात नको पाहू, आरशात डावं उजवं होते. छकुलीले तुह्या गोंदनावर बोट ठेवाले लाव, ते कोणत्या अंगाले टेकलं ते तू सांग, अन् तिलेच लिहू दे.

तुही,
निशी