ब्लायला पाणी फिरलं

ब्लाय, फ्रान्स
११ मे २०२५

ती. आईंस,
केसरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी सुखरूप पोचले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि शेजारच्या मनालीताई निरोप सांगतात तो अर्धाच, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो त्यांच्या फोनवर पाठवते आहे. तुम्हीही तसंच करा.

तुमच्या लेकाला पाहिलं. उजवा हात, उजवा पाय हलत नाही. तोंड जरा वाकडं झालंय. मला बघून हे लहान पोरासारखे रडले. मी नाही रडले. विमानात रडून घेतलं होतं.

आता खरं सांगते. बोटीच्या स्वयंपाकघरात काम करता करता हे पडले, तेव्हापासून यांना नीट बोलता येत नाही. इथल्या इस्पितळवाल्यांनी फोनवर हिंदी बोलणारा दुभाषी लावला. त्याला एक शब्द कळला नाही. मग कागदावर लिहिलं गेलं की पेशंट अर्थ नसलेले आवाज काढतो, त्याला समजतं की नाही हे सांगता येत नाही. सुधारणेची आशा नसेल तर विमा कंपनी उपचारांचे पैसे थांबवणार. बोटीच्या कंपनीने २४ तारखेचं तिकीट काढलंय, यांना स्ट्रेचरवर झोपवून न्यायचं. तो कागद घेऊन अलिबागला आलो तर तिथलाही डॉक्टर तोच वाचेल आणि हात झटकेल.

गावाबद्दल विचारलं होतंत. गाव फार जुनं आहे. नदीकाठी खडकावर मोठा किल्ला, आत घरं आणि दुकानं. तटाला लागूनच द्राक्षाचे मळे. इथली दारू चाखायला लांबून लोक येतात, यांची बोट त्यांनाच घेऊन फिरायची. नदी निळी असेल असं मला वाटलं होतं, तर ती आपल्या खाडीसारखीच गढूळ, काठाला चिखल. भरती-ओहोटीसुद्धा आहे. बाजारात मोनिक नावाची बाई मासे विकते. मी कल्ले उघडून बघितले तशी ती मोठ्यांदा हसली. भाषा कळली नाही, पण धंदा एकच.

तुमचं औषध चुकवू नका. माया आहे तेवढी राहू द्या.

तुमची,
केसर


थळ
१३ मे २०२५

चि. सौ. केसर हीस,
चंद्राबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा कागद वाचला. मनालीने अक्षर मोठं करून दाखवलं.

२४ चं तिकीट हाय ना? मग गुपचूप बस विमानात. माझा पोर परक्या गावात पडून राहणार न्हाय. मी रोज तेल चोळीन. मनुबाईचा नवरा असाच आडवा झाला होता, आता बाजारात जातो. तू हट्टी हायस हे मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं, पण या वेळी माझं ऐक.

आणि तो दुभाषी कोण मोठा शहाणा? सदा मुळात आपली बोली बोलणारा, त्याचं हिंदी आपल्यालाच कळत न्हाय. तो काय आवाज काढतो ते मला जसंच्या तसं लिहून पाठव. मी त्याला बोबडा असताना ऐकलाय. मी सांगते काय म्हणतो ते.

जेवतेस का? तिथं भात मिळतो का? रागाने लिहिते, पण जीव तुझ्यातही अडकलाय हे धरून चाल.

चंद्राबाई


ब्लाय
१९ मे २०२५

ती. आईंस,
सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही सांगितलंत म्हणून वही घेऊन यांच्याजवळ बसले. जे ऐकू येईल ते लिहायचं, बाजूला वेळ टाकायची. बरेचसे आवाज लागले नाहीत. पण एक पुन्हा पुन्हा यायचा, ‘उकी’. खिडकीकडे बघून म्हणायचे आणि डावा पंजा उलटा करायचे. गुरुवारी पावणेनऊला, शुक्रवारी साडेनऊला, शनिवारी सव्वादहाला. शनिवारी रात्री वही वाचताना मी त्या तीन वेळा एकाखाली एक लिहिल्या. रोज पाऊण तास पुढे काय सरकतं ते मला कुणी शिकवायला नको. खिडकीतून नदी दिसते, हे ‘सुकती’ म्हणत होते. आई, भरती संपून ओहोटी लागल्याचं तुमचा लेक रोज सगळ्यांना सांगत होता आणि सगळे त्याला गोळी देत होते. मीसुद्धा चार दिवस नुसती मान हलवत होते, याची लाज वाटते.

आज सकाळी बोलायला शिकवणारी बाई आली, तिचं नाव क्लेर. फोनवर मराठी बोललं की तो फ्रेंचमध्ये सांगतो. त्यावर मी तिला म्हटलं की यांना नदीवर घेऊन चल, पाणी कधी फिरतं ते हे सांगतील. ती म्हणाली, आज तिला वेळ नाही. मी चाकाच्या खुर्चीचा दांडा धरून दारातच उभी राहिले. शेवटी तिने घड्याळ बघितलं आणि अर्धा तास दिला.

किल्ल्याखालच्या धक्क्यावर गेलो. भरतीबरोबर लाकडाचे ओंडके वरच्या अंगाला चालले होते. नांगरलेल्या होडीचं तोंड समुद्राकडे. हे नुसते पाणी बघत होते. पंचवीस मिनिटं गेली, क्लेर चुळबुळ करायला लागली. मीही मनातून हलले होते. तेवढ्यात यांनी पाण्यावरची नजर न काढता हात उलटा केला आणि म्हणाले, ‘उकी.’ पाण्यात तर काहीच फरक दिसत नव्हता. क्लेरने माझ्याकडे बघितलं, मी तिला हातानेच थांब म्हटलं. मग ओंडके जागच्या जागी घुटमळले. होडी हळूहळू आडवी झाली, वळली आणि ओंडके समुद्राकडे निघाले. क्लेरने फोनवर भरतीचं वेळापत्रक काढलं, ते वाचलं आणि यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. यांचा हात हातात घेऊन काहीतरी म्हणाली. फोनने सांगितलं की ती माफी मागते आहे.

ती मोठ्या डॉक्टरीणबाईंशी बोलणार आहे. आई, मी २४ ला निघत नाही. तुम्ही रागवाल, रागवा. कंपनीने मला दिलेली खोली गेली तर मोनिकने तिच्या घरची माडी देऊ केलीय. बाजाराच्या दिवशी मी तिला मासे साफ करून देईन. घरी न्यायला मी आले आहे, ओझं म्हणून उचलून न्यायला नाही.

रागातसुद्धा मला आपली म्हणत राहा.

केसर


ब्लाय
२४ मे २०२५

ती. आईंस,
सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं उत्तर आलं नाही. मनालीताईंनी कळवलं की तुम्ही दोन दिवस धड जेवला नाहीत. तरीही लिहिते.

विमान गेलं, आम्ही इथेच आहोत. काल डॉक्टरीणबाईंनी नव्याने तपासणी केली. मी आपल्या बोलीत विचारायचं आणि यांनी चित्रावर बोट ठेवायचं. वीसपैकी अठरा बरोबर. दोन चुकली, त्यातलं एक यासाठी की चित्रातला मासा यांनी कधी पाहिलेलाच नव्हता, तो मलाही ओळखता आला नाही. जुना कागद रद्द झाला. नव्या कागदावर लिहिलंय की पेशंटला सगळं समजतं, तीन महिने उपचार द्यावेत. विमा कंपनीने आज हो म्हटलं.

शेवटी बाईंनी यांनाच विचारलं की तुला काय हवं. समोर चित्रं होती, पलंग, औषध, विमान, घर. यांनी विमानावर बोट ठेवलं. वाटलं, मी उगाच भांडले, यांना घरीच जायचंय. मग यांनी तेच बोट उचलून स्वतःच्या उजव्या मांडीवर दोनदा आपटलं आणि म्हणाले, ‘चालत.’ इतकं स्पष्ट की क्लेरलाही तो शब्द तसाच म्हणता आला. विमानात चालत चढायचं, चालत उतरायचं.

मी आता रडले. ते तुम्हाला कळवायला हरकत नाही.

आज दोन दांड्यांना धरून चार पावलं टाकली. पाचव्याला पडले, मला एक शिवी दिली, तीही बऱ्यापैकी कळली.

दोन घास खा आणि आम्हा दोघांना पदरात घ्या.

केसर


थळ
२७ मे २०२५

चि. सौ. केसर हीस आणि चि. सदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागात होते म्हणून लिहिलं न्हाय. आता राग गेला. केसर, तू माझं ऐकलं न्हाईस ते बरं झालं. हे मी मनालीसमोर म्हणणार न्हाय, म्हणून कागदावर लिहून देते.

सदासाठी पडवीत खाट मांडली होती, वर नवी चादर घातली होती. काल ती खाट मी शेजारच्या प्रज्योतला देऊन टाकली. त्याच्या बायकोला सुकट निवडायला बसायला लागते. माझा पोर चालत येणार, त्याला दिवसा खाट कशाला?

सदा, हे तुझ्यासाठी. आज सकाळी काठी घेऊन मी एसटीच्या थांब्यावर गेले आणि तिथून घरापर्यंत पावलं मोजत आले. मध्ये दोनदा टेकले. मनाली ओरडत मागून येत होती म्हणे, मला काय ऐकू येणार! तीनशे बावन्न झाली. माझी पावलं लहान हायत, तुझी तीनशेच्या आत होतील. तेवढी शिकून ये. त्याआधी आलास तर दार उघडणार न्हाय.

दोघांनी एकमेकांना सांभाळा.

तुमची आय,
चंद्राबाई