आडव्या दिशेची चाचणी

१७ मार्च

तीर्थस्वरूप वहिनीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा आता बरा आहे हे वाचून बरं वाटलं. चिमणी भूमितीत पहिली आली, तिला माझी शाबासकी सांगा. बापाचा हात आहे तो. दादा पट्टीशिवाय सरळ रेघ मारायचा. इकडे सगळं ठीक. मागच्या आठवड्यात कामगारांच्या सभेत तासभर बोललो. घसा बसला, टाळ्या मात्र थांबेनात.

प्रयोगशाळेतून दादाच्या खणातलं सामान कोणी नेलं, असं तुम्ही विचारलंत. मी नेलं. भिंग, खडूची डबी, चाचणीत तुटलेल्या पोलादी पट्ट्या. तुम्ही त्याला चिडवायचात, आठवतं? "दिवसभर लोखंड ताणता, घरात एक वाक्य ताणायचं म्हटलं की तुटता! बोलण्याचं सगळं खातं भाओजींकडे." तो हसायचा आणि ताट पुढे ओढायचा.

खडू कशाला, ते त्याने तुम्हाला कधी सांगितलं नसेल. पोलादाचा पत्रा लाटून काढतात. ज्या दिशेने लाटला त्या दिशेला तो पुष्कळ ताण सोसतो, आडवा ओढला तर लवकर फाटतो. म्हणून ताणून बघायच्या यंत्रात लावण्याआधी पत्र्यातून कापलेल्या प्रत्येक पट्टीवर दादा खडूने बाण काढायचा. थोडा ताण दिला तर पट्टी पूर्ववत होते. एका मर्यादेपुढे ती कायमची लांबते, मग तुटते. त्या कायमच्या लांबण्याचे आकडे त्याने काढायचे, ते संगणकात भरून वस्तू कुठे वाकेल, कुठे फाटेल हे मी आधी सांगायचं, अशी आमची वाटणी. "मी तुला लोखंडाचा स्वभाव देतो," तो म्हणायचा, "तू त्याचं भविष्य सांग."

इमारत रंगवणाऱ्या त्या रंगाऱ्याच्या झुलत्या पाळण्याचं, आमच्याच आकड्यांवर बनलेलं ब्रॅकेट फाटलं. माणूस तिसऱ्या मजल्यावरून पडला, दोन्ही पाय गेले. चौकशीने लिहिलं, 'चाचणी अपुरी.' सव्वीस वर्षांच्या नोकरीतून दादाला काढलं आणि आठ महिन्यांत त्याचं हृदय थांबलं.

शोकसभेत मी गरजलो, "या माणसाने आयुष्यात एक खोटा आकडा लिहिला नाही!" सभागृह रडलं. तुम्हीही रडलात, वहिनी. मी एक वाक्य कमी बोलून खाली बसलो.

अपघातानंतर दोन दिवसांनी दादा माझ्याकडे आला होता. बूट न काढता दारातच उभा राहिला.

"आकड्यांबरोबर माझं एक पान होतं. मिळालं ना तुला?"

"कसलं पान?" मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. हजार डोळे रोखलेले असताना न अडखळणारा मी, त्या दोन डोळ्यांपुढे चपलांचा रॅक नीट लावू लागलो.

"मग माझ्याकडूनच राहिलं असेल," तो म्हणाला आणि जिना उतरला.

चौकशीतही तो हेच बोलला. तुम्ही त्याला किती विनवलंत, "अहो, तोंड उघडा ना!" त्याने ते का उघडलं नाही, ते आता कळलं असेल तुम्हाला.

ते पान माझ्याच खणात होतं, आता सोबत ठेवलं आहे. पेन्सिलीने लिहिलेलं, अक्षर तुम्ही ओळखालच: 'फक्त लाटण्याच्या दिशेचे आकडे. आडव्या दिशेची चाचणी बाकी, चार दिवस लागतील. तोवर वापरू नये.'

काम सोमवारी द्यायचं होतं. चार दिवस थांबलो असतो तर साहेबांची बोलणी खावी लागली असती, एवढंच. मी लाटण्याच्या दिशेचेच आकडे आडव्या दिशेलाही भरून टाकले. संगणकाने सगळं हिरवंगार दाखवलं. मी त्याला सांगितलं तेच त्याने मला परत सांगितलं. ब्रॅकेट आडवंच फाटलं.

लोकांना मी सत्यासाठी रस्त्यावर उतरायला सांगतो. मला स्वतःच्या खणापर्यंत हात न्यायला दीड वर्ष लागलं.

आज सकाळी चौकशी कचेरीत पानाची प्रत आणि माझा जबाब दिला. कारकून म्हणाला, "प्रकरण बंद झालंय, साहेब." मी काहीतरी बोललो. "जरा मोठ्याने बोला," तो म्हणाला, "ऐकू येत नाही." तीनदा सांगावं लागलं. शेवटी त्याने शिक्का मारला. माझी नोकरी जाईल, ती जायलाच हवी.

तिथून रंगाऱ्याच्या घरी गेलो. खाटेवर बसून त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला, "जाताना दार लावून घ्या."

मूळ पान तुमचं आहे. चिमणी मोठी झाली की तिला दाखवा. तिच्या बापाने काय लिहिलं होतं ते तिने त्याच्याच अक्षरात वाचावं. उत्तराची वाट बघण्याचा हक्क मला नाही. तुमच्या दारात यायचा तर नाहीच.

दादाने विचारलं होतं, मिळालं ना?

हो. मिळालं होतं.

त्याचा धाकटा भाऊ