नरनाळ्याचा गड चढलो

अकोट, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १७८६

आज नरनाळ्याचा गड पायी चढलो! कापसाच्या गाडीखाली पाय सापडल्यापासून घरचे मला ओट्यावरूनही हात धरून उतरवतात. पायथ्याशी मेहुणे म्हणाले, "भाऊजी, तुमी इथंच बसा. मी गड पाहून येतो अन् तुमाले सांगतो."

सांगोवांगी गड ऐकायला का मी अमरावतीहून सासुरवाडीस आलो? तसाच निघालो. पाय ठणकत होता. दोनदा बसलो, एकदा तर रडूच आलं. हे फक्त इथे लिहितो. पण महाकाली दरवाजाची कोरीव कमळं बोटांनी चाचपली, नऊगजी तोफेवर बसून वाऱ्यात घाम वाळवला. पाय? तो ठणकतच होता, ठणको.

उतरताना मेहुणे मागून ओरडले, "भाऊजी, कावून पळून राहिले? जरा थांबा नं!"